संगीतचोरी, पंढरपूर आणि आमची एक कॅसेट

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘संगीताची पायरसी : कायदा आणि कलावंत’ असा छापलाय. भारदस्त आहे. कायद्याकडे येतोच, पण आधी एक किस्सा सांगू द्या. ज्यांनी तो पूर्वी ऐकलाय त्यांनी पुढच्या रांगेत बसून आधीच हसू नये, बाकीच्यांचा विरस होतो.

नव्वदच्या दशकात आमच्या भजनी मंडळाची अभंगांची कॅसेट निघाली. कॅसेट म्हणजे काय, हे इथे सांगायची गरज दिसत नाही. पिकलेली डोकीच जास्त आहेत. त्याआधी रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही, आणि एचएमव्ही म्हणजे कलकत्त्याकडचा दमदमचा कारखाना. आमचा आवाज तिथवर कशाला पोचतोय! पुढे आखातातून परतणाऱ्यांनी रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन आणले, १९८३ साली टी-सीरिज ही कॅसेट कंपनी उभी राहिली, आणि बघता बघता गल्लीबोळांत छोट्या कंपन्या निघाल्या. कोळीगीतं, भीमगीतं, पोवाडे, भारुडं, सगळं कॅसेटवर आलं. म्हणून मी त्या यंत्राला शिव्या देत नाही. एका कॅसेटवरून दुसरी उतरवणाऱ्या ज्या डबल डेकनं आम्हाला गायक केलं, त्याच डबल डेकवर आमची चोरी झाली, एवढंच.

तर रेकॉर्डिंग. स्टुडिओ भाड्याचा, खोली एकच. झांजेच्या दणक्यानं माइक फाटायला लागला, तेव्हा झांजवाल्याला दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं केलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. मानधन एकरकमी. रॉयल्टीचं कलम करारात नव्हतं, कारण करारच नव्हता.

पुढच्या आषाढीला पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरून चाललोय, तर एका टपरीवर आमचाच अभंग जोरात लागलेला. ऊर भरून आला हो! बुक्का, तुळशीच्या माळा, मध्येच कॅसेटी. दुकानदार म्हणाला, “घ्या माऊली, बारा रुपये. बुवा बरा गातो.” मूळ कॅसेट तीस रुपयांची. हातात घेऊन बघतो, तर वेष्टनावर ‘विठ्ठलाची सुपरहिट भजने’ आणि खाली फेटा बांधलेल्या कुठल्याशा बुवांचा फोटो. हे बुवा कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माणूस देखणा होता, हे मान्य. माझं नाव नाही, चाली बांधणाऱ्याचं नाही, पखवाजवाल्याचं तर नाहीच. मी म्हटलं, “अहो, हा आवाज माझा आहे.” त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात जोडले आणि म्हणाला, “माऊली, आवाज सगळा त्या पांडुरंगाचा.”

आता वारीत उभं राहून यावर काय बोलणार? मी बारा रुपये काढून दिले.

घरी येऊन ऐकली. भरधाव कॉपी मारल्यामुळे झांजेची धार गेलेली. आणि फीत आखूड वापरलेली. शेवटच्या अभंगाचं शेवटचं चरण आलं, मी ‘तुका’ म्हणालो आणि बटण खटकन उडालं. ‘म्हणे’ गायब. माझं नाव वेष्टनावरून गेलं ते गेलं, तुकोबांचंही फितीतून कापलं!

माझा मुद्दा खरं तर एवढाच आहे, मंडळी. पायरसीनं पैसा गेला हे सगळेच सांगतात. त्याआधी नाव जातं, आणि पैसा त्या नावामागून जातो. जुन्यांना हे ठाऊक होतं. संतांनी आपली मुद्रा, म्हणजे नावाची खूण, शेवटच्या चरणात गुंफली, शाहिरानं पोवाड्याच्या अखेरीस. वेष्टन फाडा, नाव आतच. तरी तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारे सालोमालो निघालेच; तुकोबांना त्यांच्यावर अभंग रचावे लागले. १९०२ साली गायिका गौहरजाननं रेकॉर्डवर गाणं संपताच इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना लेबलासाठी नाव कळावं म्हणून. सोय कारखान्याची, पण नाव कायमचं गाण्याला चिकटलं.

लोक म्हणतात, “चोरीमुळेच तुम्ही गावोगाव पोचलात की!” पोचलो ना. पण कार्यक्रमाची सुपारी द्यायला माणूस शोधणार कुणाला? त्या फेटेवाल्याला! कंपनीकडे दुसऱ्या भागाचं विचारलं, तर उत्तर आलं, “पहिला खपला नाही.” त्यांच्या वहीप्रमाणे ते खरंच होतं, टपऱ्यांवरचा खप त्यांच्या वहीत येणार कसा? दुसऱ्या भागाच्या भरवशावर आमच्या पखवाजवाल्यानं पखवाज नव्यानं मढवून घेतला होता, उधारीवर.

...चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं, कायदा.

कॉपीराइट कायदा १९५७चा. १९८४च्या दुरुस्तीनं शिक्षा वाढवली : सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्याच दुरुस्तीतलं कलम ५२-अ बघा. वेष्टनावर काय हवं? ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता, प्रसिद्धीचं साल. गाणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही! गायक-वादकाला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क मिळाला २०१२च्या दुरुस्तीत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी लिहून घेऊन काढून घेता येणार नाही, हेही तेव्हाच. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले. महाराष्ट्रानं २००९ साली व्हिडिओ पायरेट्सना झोपडपट्टीदादांच्या कायद्यात बसवून स्थानबद्धतेची सोय केली. तोवर आमची कॅसेट रद्दीत गेली होती.

मधला एमपी-थ्रीचा काळ सोडतो. एका सीडीत दीडशे गाणी, आणि पडद्यावर ‘ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट’. तीच सवय आता व्हॉट्सॲपवर आहे. ॲपवर गाणं ऐकलं की दर वेळी किरकोळ का होईना, पैसा निघतो. पण तो कुणाला पोचवायचा हे ठरतं गाणं चढवताना भरलेल्या रकान्यांवरून. रकाना रिकामा की पैसा अडकला, चुकीचा भरला की दुसऱ्याच्या खिशात. म्हणून इथल्या तरुण मुलांना सांगतो : गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे तुमची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, रकाने स्वतः भरा, आणि वादकांची नावं गाळू नका. कंपनीची मुलं सांगतील की तो रकाना कोणी भरत नाही. त्यांच्यासमोर बसून भरा.

अध्यक्ष उठले. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आता आभारप्रदर्शन आहे, आणि त्याला चिठ्ठी पाठवायची पद्धत नाही.