हार्ड लेन्स डोळ्याला सवयीची होईपर्यंत

जरा डोळ्यांसमोर आणा, हे हात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका सीएनसी ऑपरेटरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन चालवणाऱ्याचे, आणि हातात आहे ते व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची पट्टी. मिलीमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा असतो त्याच्यावर, वरची कुठली रेघ खालच्या कुठल्या रेघेला बरोबर जुळतेय ते बघून. ह्याला प्रत्येक रेघेखाली अजून एक पुसट रेघ दिसायची. चष्मा होता, पण सिलिंड्रिकल नंबर सारखा वाढत चाललेला, नवीन काच आली की थोडे दिवस बरं आणि मग परत तेच. रात्री सेकंड शिफ्ट सुटली आणि गरवारे पॉइंटवरून हायवेला लागला की समोरच्या एका ट्रकचे चार-पाच दिवे दिसणार, वर प्रत्येक दिव्याला शेपट्या फुटलेल्या.

ह्याला केराटोकोनस म्हणतात. बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो ना, कॉर्निया, तो मधोमध जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असतो, ह्या आजारात तो अजून पातळ होतो आणि शंकूच्या आकारात पुढे येतो. बहुतेकांचं शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतं, आणि घरच्यांना वाटत राहतं मोबाईलमुळे नंबर वाढतोय. कॉर्नियाच वेडावाकडा झाला की चष्मा एका मर्यादेपुढे काही करू शकत नाही. साधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सपण बऱ्याचदा पुरत नाही, ती मऊ असते म्हणून कॉर्नियाचाच आकार घेते. हार्ड लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही, लेन्स आणि कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात, खालचे उंचवटे त्यात झाकले जातात आणि उजेडाला समोर एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. कल्पना जुनी आहे. 1888 साली झुरिकमध्ये आडॉल्फ फिक आणि पॅरिसमध्ये युजीन काल्ट ह्या डॉक्टरांनी काचेच्या लेन्सा डोळ्यांवर बसवल्या होत्या, काल्टने तर केराटोकोनससाठीच. आजच्या लेन्सचं मटेरियल ऑक्सिजन आत जाऊ देतं, तेव्हाच्या पेशंटने काय सोसलं असेल!

आता कॉलेज रोडच्या बाजूची ही एक फिटिंग रूम. डोळे तपासून लेन्स बसवून देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडम सांगतायत, "दादा, लेन्स घातल्यावर वर बघू नका, खाली गुडघ्याकडे बघा, श्वास घ्या." पापणीची कड लेन्सच्या कडेवर घासते, सगळ्यात जास्त टोचतं ते तिथे, खाली बघितलं की पापणी कमी हलते म्हणून जरा बरं वाटतं. पाणी येतंच, नाकातूनपण येतं. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात. हे बघा, जिथे हिरवं चमकतंय तिथे लेन्सखाली अश्रू साठलेत, आणि मधे जो काळसर भाग आहे तिथे लेन्स कॉर्नियाला टेकतेय. शंकूच्या टोकावर जास्त टेकली तर रोज घासून तिथे जखम होते, फार सैल बसली तर सरकत राहते. म्हणून एकाच खेपेत लेन्स फायनल झाली नाही तर वैतागू नका, ट्रायल लेन्स बदलून बदलूनच नेमकं माप मिळतं.

पुढचं सगळं घरी. सकाळी बेसिनचं भोक बंद करून वर नॅपकिन अंथरलेला, लेन्स 9-10 मिलीमीटरची, पडली तर सापडायला तरी हवी. आई स्वयंपाकघरातून येऊन बघते, "डोळा बघ किती लाल झालाय, काढ रे ते आधी." तो म्हणतो, "अगं राहू दे, होतंय कमी." मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ह्याच टप्प्यावर लेन्स डबीत घालून कपाटात टाकून दिली, आणि मग वर्षानुवर्षं अंधुक बघत राहिले, नोकऱ्या सोडल्या, गाडी सोडली. मीपण ह्या लेन्सा वापरतो म्हणून जीव तोडून सांगतोय. सुरुवातीला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटणारच, पहिल्या दिवशी थोडेच तास घाला, रोज थोडं थोडं वाढवा, डॉक्टर जे वेळापत्रक देतील ते पाळा, पापणीला सवय लागते. काही आठवड्यांत बऱ्याच जणांना ती दिवसातला बराच वेळ जाणवतही नाही.

पण सगळंच सहन करायचं नसतं हेही तितकंच खरं. लेन्स काढल्यावरसुद्धा दुखत राहिलं, उजेड सहन होईना, लाली उतरेना, नजर धूसर राहिली, तर परत लेन्स घालायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. फिटिंग बिघडलेलं असू शकतं, इन्फेक्शन असू शकतं. आणि नळाचं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही, डबीलासुद्धा नाही. पाण्यातला अकॅन्थामीबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर नजर जाऊ शकते. लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही, आणि पर्वणीला रामकुंडावर डुबकी मारायची असेल तर आधी लेन्स काढून डबीत.

धुळीचं काय करायचं हा नाशिकमध्ये रोजचा प्रश्न आहे. कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, द्वारकेला सिग्नलवर उभं राहिलं की डंपर बाजूने जातो आणि एक कण लेन्सखाली शिरतो, अक्षरशः ब्रह्मांड आठवतं. अशा वेळी चोळायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची, कोरड्या स्वच्छ हाताने लेन्स काढून सलाईनने, म्हणजे लेन्ससाठीच्या निर्जंतुक मीठपाण्याने धुवायची. हा मुलगा खिशात छोटी सलाईन, डबी आणि लेन्स काढायचा रबरी प्लंजर ठेवतो. हेल्मेटची काच खाली, आतून साधा गॉगल, मशीनवर सेफ्टी गॉगल. कधी लेन्स सरकून पांढऱ्या भागावर जाते, तेव्हा घाबरू नका, ती डोळ्याच्या मागे जाऊच शकत नाही, जागाच नाहीये तशी.

इतकं करूनही कोणाला जमत नसेल तर स्क्लेरल लेन्स असते. ती मोठी, 15-16 मिलीमीटरची वगैरे, पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला हात लावत नाही. लेन्सच्याच वाटीत सलाईन काठोकाठ भरून मान पूर्ण खाली घालून घालावी लागते, बुडबुडा अडकला तर काढून परत घालायची. महाग आहे, पण टोचायला कमी आणि धूळपण सहसा आत जात नाही, द्राक्षबागेत काम करणाऱ्यांनी तर डॉक्टरांना ह्याबद्दल जरूर विचारावं.

एक गैरसमज मात्र सगळीकडे ऐकतो, लेन्स लावली म्हणजे आजार थांबला. नाही थांबत. लेन्स फक्त दाखवते. वाढ थांबवायला क्रॉस-लिंकिंग करतात, रायबोफ्लेविनचे (व्हिटॅमिन बी2) थेंब आणि अल्ट्राव्हायोलेट किरण, ते कोणाला लागेल ते डॉक्टर टोपोग्राफीचे, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचे रिपोर्ट जुळवून ठरवतात. डोळे चोळायची सवय मोडावीच लागते, त्यामागे ॲलर्जी असेल तर तिचे थेंब वेगळे.

टोपोग्राफीला जाताना आधी किती दिवस लेन्स बंद ठेवायची ते फोन करून विचारून घ्या, हार्ड लेन्सने कॉर्निया थोडा दबलेला असतो आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. तेवढे दिवस ह्याला बारीक मापाचं काम जमत नाही, म्हणून तो सुपरवायझरला आधीच सांगून पॅकिंगला ड्युटी लावून घेतो, आणि येण्याजाण्याला कंपनीतल्या मित्राच्या मागे गाडीवर बसतो.