समुद्रात रोवलेली मशीद: कासाब्लांकाची हसन द्वितीय मशीद

अटलांटिकची लाट खडकांवर फुटते आणि तिचे तुषार ज्या भिंतीपर्यंत उडतात, ती भिंत एका मशिदीची आहे. मोरोक्कोतील कासाब्लांका शहराच्या किनाऱ्यावर, अर्धी जमिनीवर आणि अर्धी समुद्राकडून मिळवलेल्या जागेवर, हसन द्वितीय मशीद उभी आहे. तिचा मनोरा २१० मीटर उंच असून अल्जीयर्सच्या नव्या मशिदीचा २६५ मीटरांचा मनोरा उभा राहीपर्यंत जगात त्याला जोड नव्हती.

फेज, माराकेश आणि राबात या शहरांना जुन्या राजघराण्यांनी मशिदी, मदरसे आणि तटबंद्या दिल्या. कासाब्लांकाच्या वाट्याला मात्र बंदर आले. १९१२ ते १९५६ या फ्रेंच अमलाच्या काळात ते झपाट्याने वाढले आणि देशातील सर्वांत मोठे शहर झाले, पण ज्यावरून शहर ओळखावे अशी वास्तू त्याच्याजवळ नव्हती. १९८० साली राजे हसन द्वितीय यांनी ती उणीव भरून काढण्याचा मनोदय जाहीर केला. मशीद पाण्यावरच असावी असा त्यांचा आग्रह होता आणि त्यामागे ईश्वराचे सिंहासन पाण्यावर होते, हे कुराणातील वचन होते. निवडलेल्या किनाऱ्यावर फ्रेंच काळात बांधलेला, समुद्राच्याच पाण्याने भरणारा एक अवाढव्य जलतरण तलाव होता. १९८६ साली तो पाडण्यात आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मशिदीचे काम सुरू झाले.

आराखडा मिशेल पँसो या फ्रेंच वास्तुविशारदाचा आणि बांधकामही एका फ्रेंच कंपनीचे. राष्ट्राभिमानाच्या वास्तूबाबत हे थोडे चमत्कारिक वाटते खरे. मात्र मनोऱ्याचा घाट पाहिला की त्याची वंशावळ लगेच ध्यानात येते. तुर्की मशिदींचे मनोरे गोल आणि निमुळते असतात, तर मोरोक्कोचा मनोरा चौकोनी, बुरुजासारखा. माराकेशच्या कुतुबिया मशिदीचा बाराव्या शतकातील मनोरा ७७ मीटरांचा आहे. राबातमधला त्याच काळातला मनोरा, तो बांधवून घेणारा सुलतान याकूब अल-मन्सूर ११९९ साली वारल्यामुळे, ४४ मीटरांवरच थांबला. कासाब्लांकाचा मनोरा त्यांचाच वारस असून त्याच्या माथ्यावरून रात्री मक्केच्या दिशेने लेझरचा झोत सोडला जातो.

या कामाचा मोठा हिस्सा लोकवर्गणीतून उभा राहिला. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पैसे दिले आणि वर्गणीची प्रमाणपत्रे घरांत, दुकानांत टांगली गेली. राजाच्या नावाने मागितलेल्या वर्गणीला नाही म्हणण्याची सोय कितीजणांना होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैरलागू नव्हता. राजांच्या साठाव्या वाढदिवसाचा, म्हणजे १९८९ चा मुहूर्त हुकला. उद्घाटन झाले ते ३० ऑगस्ट १९९३ रोजी, पैगंबर जयंतीच्या पूर्वसंध्येला.

आत एका वेळी २५ हजार आणि बाहेरच्या प्रांगणात ८० हजार माणसे नमाज पढू शकतात. सभागृहाचे सुमारे १,१०० टनांचे छप्पर काही मिनिटांत सरकते आणि नमाजासाठी बसलेल्यांच्या डोक्यावर आकाश येते. मात्र आकड्यांपेक्षा या वास्तूचा खरा ऐवज तिच्या कारागिरीत आहे. झेलीज नावाचे फरशीकाम जवळून पाहावे. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो, चकाकीचा थर दिलेली भाजक्या मातीची फरशी पुढ्यात धरतो आणि जड, धारदार हातोडीने तिचे चांदण्या, पाकळ्या, चौकटी असे बोटाच्या पेरांएवढे तुकडे पाडतो. मग हे तुकडे रंगाची बाजू खाली करून एकमेकांना भिडवले जातात. म्हणजे मांडणाऱ्याला मांडताना नक्षी दिसतच नाही. ती त्याला पाठ असावी लागते. मागून लेप ओतून सुकल्यावर तो जुळवलेला फलक उलटला, की काम जमले की फसले ते कळते.

तळघरातील वुजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याच्या दालनात, कमळाच्या आकाराच्या संगमरवरी कारंज्यांभोवती, भिंतींना ताडेलाक्त म्हणजे माराकेशचा घोटीव चुना आहे. ओला गिलावा गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घोटतात आणि त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात. साबण आणि चुना यांच्या संयोगाने पाणी न शोषणारा थर तयार होतो. पाण्याशी कसे वागावे, हे या जुन्या गवंड्यांना पुरते ठाऊक होते.

नव्या बांधकामाला ते तितकेसे साधले नाही. खाऱ्या हवेचा विचार करून दारांसाठी टायटेनियम वापरले गेले, पण समुद्रात उतरलेल्या काँक्रीटमध्ये मात्र साध्या पोलादाच्या सळया होत्या. लाटांचे पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून मुरत गेले, क्षार सळयांपर्यंत पोहोचले, गंज फुगला आणि वरचे काँक्रीट तडकून सुटू लागले. उद्घाटनाला पुरती १० वर्षे होण्याआधीच हे नुकसान दिसू लागले होते. २००५ पासून मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली. सडलेले काँक्रीट तोडून काढले गेले, मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेल्या गंजरोधक पोलादाच्या सळया बसवण्यात आल्या आणि त्यांच्याभोवती पाण्याला सहज वाट न देणारे, अधिक घट्ट काँक्रीट नव्याने ओतले गेले.