शिनोळीचं बिल आणि पॅकेजचे बाण

मंडळी, सुरुवात बिलानं करतो. बेळगावच्या आपल्या उद्यमबागेतून एखादं कास्टिंग बेंगळूरला गेलं, म्हणजे ५०० किलोमीटर, तरी ते राज्यातल्या राज्यात, १८ टक्क्यांचा माल असला तर बिलात केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९ असे दोन तुकडे. तेच कास्टिंग महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत गेलं, गाडीनं अर्ध्या तासाची वाट, तर बिलात सरळ दोन राज्यांमधला आयजीएसटी १८. पोरगी चंदगडला दिली तर आपण कुणी परराज्यात दिली म्हणत नाही, खरं बिलाला शिनोळी परराज्यच. आता हे जे मी एका वाक्यात सांगितलं ते सॉफ्टवेअरमधे कुठं लिहायचं, आजचं सगळं बोलणं ह्याच्यावरच आहे.

एका फौंड्रीसाठी आम्ही जावा ह्या भाषेत बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, जीएसटीच्या आधी, तेव्हा व्हॅट, सीएसटी, एक्साइज असं सगळं होतं. कराचं एक पॅकेज होतं, म्हणजे कोडचा एक गठ्ठा, त्याच्यात १२ क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, सगळे ठोस, एकही इंटरफेस नाही. इंटरफेस म्हणजे काय मिळेल एवढंच सांगणारा करार, काम कसं होतं ते त्यात नसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होणार हे माहीत होतं, म्हणून जूनमधे बसलो, वाटलं होतं एकच तर पॅकेज बदलायचंय. ते बदललं आणि बिलिंग, साठा, खरेदी, जॉबवर्क सगळीकडं कंपाइल एरर, म्हणजे कोड चालवण्याजोगा तयारच होईना. एकूण ९ पॅकेजं त्या करावर टेकलेली होती, आणि प्रत्येकानं व्हॅटचा क्लास नावानं धरून ठेवलेला. पंधरवडाभर कुणी धड झोपलं नाही. तेव्हा कुठं मी कोण कुणावर टेकलंय हे मोजायचं शास्त्र नीट शिकलो.

हे मोजमाप १९९४ चं आहे, रॉबर्ट मार्टिन यांचं. कपलिंग (तुकडे एकमेकांत किती अडकलेत) आणि कोहेजन (एका तुकड्यातलं काम किती एकसंध आहे) हे शब्द त्याच्याही आधीचे, आणि १९९४ मधेच चिदंबर आणि केमेरर यांचीही मापं आली, ती एकेका क्लासची आहेत, त्यांच्यात आज शिरत नाही. मार्टिन यांनी पॅकेजकडं बघितलं. बाहेरून किती जण आपल्यावर टेकलेत ते मोजा, म्हणजे आत येणारे बाण. आपण किती जणांवर टेकलोय ते मोजा, म्हणजे बाहेर जाणारे बाण. बाहेर जाणाऱ्यांना एकूण बाणांनी भागलं की इनस्टॅबिलिटी, ० ते १ मधे. आमच्या करावर ९ टेकलेले आणि तो स्वतः एकावर, म्हणजे १ भागिले १०, ०.१. ह्या इनस्टॅबिलिटी शब्दानं पोरं फसतात, त्यांना वाटतं जास्त आकडा म्हणजे वाईट. तसं नाही हो. १ म्हणजे हलवायला सोपं, कुणी टेकलेलंच नाही, बदला खुशाल. ० म्हणजे हलवाल तर सगळ्यांना धक्का.

आपल्याकडं हे फौंड्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका पॅटर्नवर, म्हणजे साच्याच्या नमुन्यावर, हजारो कास्टिंग निघतात, पुढं मशीनिंगचं फिक्श्चर, ड्रिल जिग, गेज सगळं त्याच मापावर बेतलेलं असतं. पॅटर्न २ मिलिमीटर बदलायचा म्हटलं तर पॅटर्न मेकरचं काम एक दिवसाचं असेल, खरं पुढची सगळी साखळी हलते. म्हणून तिथं हात लावायच्या आधी दहा वेळा विचारतात.

दुसरं माप ॲबस्ट्रॅक्टनेस, पॅकेजमधले इंटरफेस आणि ॲबस्ट्रॅक्ट क्लास (ज्यांचं काम पूर्ण लिहिलेलं नसतं) भागिले एकूण क्लास. आमचं ० भागिले १२, शून्य. आता मार्टिन म्हणतात की ही दोन मापं मिळून साधारण १ व्हायला पाहिजेत, ज्याच्यावर पुष्कळ टेकलेत त्यात ठोस काम कमी आणि करार जास्त पाहिजे. बेरीज १ पासून किती लांब आहे तो तिसरा आकडा, डिस्टन्स. आमचा ० अधिक ०.१ वजा १, चिन्ह सोडा, ०.९. ग्राफ काढला तर ० आणि ० च्या कोपऱ्यात, ज्याला त्यांनी झोन ऑफ पेन म्हटलंय, दुखरा कोपरा. समोरचा १ आणि १ चा कोपरा निरुपयोगी, सगळे इंटरफेस आणि वापरणारा कुणी नाही.

करार म्हणजे काय ते व्हॉल्व्हच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपला जोडायच्या बोल्टच्या कडेवर बघा. व्हॉल्व्ह करणारा आणि पाइप घालणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तरी बोल्टची होलं जुळतात, कारण दोघंही फ्लँजच्या स्टँडर्डवर टेकलेत. आमच्या बिलिंगनं व्हॅटलाच धरलं होतं, मधे फ्लँजच नव्हता.

आणि तो एक बाहेर जाणारा बाण कुणाकडं होता? बिलिंगकडं. कर काढायला गिऱ्हाइकाचं राज्य लागतं, ते बिलात असतं, म्हणून कुणीतरी, म्हणजे मीच, कर काढणाऱ्या कोडला आख्खं बिल दिलेलं. बिलिंग करावर टेकलंय आणि कर बिलिंगवर, झालं चक्र. चक्रात अडकलेली पॅकेजं वेगळी टेस्ट करता येत नाहीत, वेगळी रिलीज करता येत नाहीत, नावाला दोन आणि कामाला एक. माझ्या मते डिस्टन्सच्या आधी चक्र शोधा, आकड्यांत वाद घालता येतो, चक्रात नाही.

सोडवलं कसं? कराला बिल लागतच नव्हतं, त्याला दोन राज्यं लागत होती. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक म्हणजे राज्याचा कोड, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. मग इंटरफेस केला, विकणारा २९, माल पोचणार २७, रक्कम आणि दर एवढंच द्यायचं, कराच्या ओळी परत मिळतात. २९ आणि २९ असेल तर दोन ओळी, २९ आणि २७ असेल तर एक. कराच्या पॅकेजात आता क्लास आणि इंटरफेस मिळून ४, त्यातले ३ इंटरफेस, बाहेर जाणारा बाण शून्य, म्हणजे ०.७५ अधिक ०, डिस्टन्स ०.२५. खरा हिशोब जीएसटीच्या वेगळ्या पॅकेजात गेला, त्याच्यावर फक्त सुरुवातीची जोडणी करणारं एक पॅकेज टेकलंय, तो स्वतः ३ वर, इनस्टॅबिलिटी ०.७५, इंटरफेस शून्य, डिस्टन्स परत ०.२५. उद्या नियम बदलला तर तेवढाच हलवायचा.

हे आकडे हातानं काढू नका. माइक क्लार्क यांचं जेडिपेंड नावाचं टूल आहे, ते कंपाइल झालेल्या क्लास फाइली वाचतं, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटला एनडिपेंड आहे, आणि जेडिके ८, म्हणजे जावाच्या ८ व्या आवृत्तीपासून जेडेप्स जावाबरोबरच येतं, नुसते बाण बघायला ते पुरतं. जावाची स्वतःची पॅकेजं फिल्टरनं वगळायची, नाहीतर बाहेर जाणारे बाण उगीच फुगतात. मार्टिन यांच्या मूळ व्याख्येत क्लास मोजतात आणि जेडिपेंड पॅकेज मोजतं, त्यामुळं आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं नाही.

खरं आकडा बघून लगेच इंटरफेस घालत सुटू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. जावाचा स्ट्रिंग क्लास बघा, ठोस, आख्खं जग त्याच्यावर टेकलेलं, म्हणजे पक्का दुखऱ्या कोपऱ्यातला, आणि कुणाला काही दुखत नाही कारण वापरणाऱ्याचं मोडेल असा तो सहसा बदलत नाही. फॉर्म्युला बाण मोजतो, बदल किती वेळा होतो ते मोजत नाही. ते गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलच्या, इतिहासात दिसतं. डिस्टन्स ०.९ आणि वर्षात एकदाही हात लागलेला नाही, सोडून द्या. डिस्टन्स ०.६ आणि दर महिन्याला बदलाची नोंद, आधी तिथं जा. एकच क्लास ज्याला इम्प्लिमेंट करतो आणि दुसरा कधी येणार नाही असे इंटरफेस मी कितीतरी बघितलेत, नुसता आकडा गोड करायला घातलेले, नव्या पोराला वाचताना एक उडी जास्त.

अजून एक गोष्ट टूलला दिसत नाही. जुलै उजाडला, बिलं बरोबर निघाली, आणि साठ्याच्या रिपोर्टमधे कराचा कॉलम सगळा शून्य. रिपोर्ट कराच्या पॅकेजला हातच लावत नव्हता, सरळ डेटाबेसच्या टेबलातून करप्रकार वाचून व्हॅट आहे का बघत होता. जावात बाण नाही म्हणून जेडिपेंडमधेही नाही, टेकणं मात्र पुरेपूर होतं. मग तो कॉलम वाचायचं काम आम्ही कराच्या इंटरफेसमागं नेलं आणि रिपोर्टला तिथून विचारायला लावलं. आत येणाऱ्या बाणांत एकाची भर पडली, कागदावर कराचं ओझं वाढलं, आणि आता तो इंटरफेस बदलला की रिपोर्ट कंपाइल होतानाच अडतो, गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत थांबत नाही.