फिरते घर, तापणारे इंजिन

(दृश्य : कात्रजच्या जुन्या घाटाची चढण. पुढे इंजिन असलेली जुनी डिझेल बस. आत सीटच्या जागी ओटा, पलंग, पाण्याची टाकी.)

निवेदन :

स्वारगेटहून निघताना तापमानाचा काटा जागेवर होता. अर्धा घाट चढेपर्यंत तो लाल पट्ट्याला टेकला. बसमध्ये घर केले म्हणजे वजन वाढले, म्हणून ती तापते, असा समज असतो. पण हिशोब वेगळाच निघतो. ४० प्रवासी म्हणजे सुमारे अडीच टन. त्यांच्या जागी ३०० लिटर पाणी, फर्निचर आणि बॅटऱ्या आल्या, तरी वजन सहसा तेवढे होत नाही. हेच इंजिन भरलेली बस घेऊन घाट चढत होते. मग पहिला प्रश्न हाच : बस बदलताना इंजिनभोवतीचे काय बदलले?

पण आधी काटा खरे बोलतो का, ते पाहा. हेडलाइट लावताच काटा वर सरकत असेल, तर दोष अर्थिंगचा आहे. नवीन वायरिंग करताना इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी सैल राहते किंवा रंगाखाली दबते. ती घासून घट्ट करा. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (पाणी पुरेसे तापले की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) बाहेरच्या कवचाचे तापमान घ्या. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा देते, म्हणून तिथे काळी टेप चिकटवा.

आता गाडी कधी तापते, ते लिहून ठेवा. सिग्नलला उभी असताना तापते आणि वेग घेतला की निवते? मग हवा कमी पडते आहे. सपाट रस्त्यावर वेगात तापते? मग पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. फक्त घाटात तापत असेल, तर दोन्हीकडे थोडी थोडी कसर असते, आणि घर केलेल्या बसमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो.

(दृश्य : पुढची जाळी काढलेली. रेडिएटरसमोर एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग.)

हवेची वाट पुढून मागे तपासत जा. शोभेची जाळी अर्धी बंद आहे का? रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर बसवला आहे का? तो असेल तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम असते. फॅनभोवतीचे कवच, म्हणजे काऊल, बॉडीचे काम करताना काढून ठेवले आणि परत बसवलेच नाही, असेही होते. काऊल नसेल तर फॅन आजूबाजूचीच हवा ओढतो, रेडिएटरमधून ओढत नाही. पात्याची साधारण अर्धी रुंदी काऊलच्या आत हवी. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबला की १० ते १५ मिलिमीटर दबावा.

हवा आत येण्याइतकीच तिची बाहेर जाण्याची वाटही महत्त्वाची. आवाज कमी व्हावा म्हणून केबिनमधल्या बॉनेटला जाड फोम लावतात, धूळ नको म्हणून खालून पत्रा ठोकतात. गरम हवा अडकते आणि बाजूच्या फटींतून पुन्हा रेडिएटरपुढे येते. खालचा पत्रा काढून त्याच चढणीवर गाडी न्या. काटा खाली राहिला, तर दोष तिथेच सापडला.

आता पाण्याकडे. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की नळ्यांत क्षार बसतो. इंजिन गरम असताना थर्मामीटर रेडिएटरभर फिरवा. मध्येच थंड पट्टे आढळले, तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. जुना पितळी रेडिएटर असेल तर वरची टाकी उघडून रॉडिंग करता येते, म्हणजे नळ्यांत सळी घालून क्षार काढता येतो. बाहेरची धूळ मात्र इंजिनच्या बाजूने पुढे हवा मारून काढा. समोरून मारली तर ती आणखी आत रुतते.

रेडिएटरचे झाकण स्वस्त असते, म्हणून दुर्लक्षित राहते. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. ०.५ बारचे झाकण दाब नीट धरत असेल, तर तेच पाणी ११० च्या आसपास टिकते. रबर कडक झालेले झाकण बदला, पण त्याच दाबाचे घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही. बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत नेणारी वाट) असलेल्या इंजिनात तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरते. पातेल्यात पाणी तापवून त्यावर कोरलेल्या आकड्याला तो उघडतो का पाहा.

अंघोळीच्या पाण्यासाठी इंजिनमधून मागे नेलेली नळी रेडिएटरच्या टाकीपेक्षा वर जात असेल, तर तिथे हवा कोंडते. सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू बसवा.

हे सगळे ठीक निघाले, तरच हेड गास्केटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) सीलवर, संशय घ्या. इंजिन थंड असताना सुरू करताच वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर शंका पक्की धरा.

घाटात काटा चढू लागला, तर खालचा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर हलका करा. फॅन आणि पंप जोरात फिरतात, भार कमी होतो. मग सुरक्षित जागी थांबा. पाणी गळत नसेल तर इंजिनचा वेग थोडा वाढवून ते काही मिनिटे चालू ठेवा, गळत असेल तर लगेच बंद करा. झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड तडकते.

दुरुस्तीनंतर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरा, हवा काढा. एक फेरी दिवे घाटातून मारा, आणि इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा तपासा.