मागापासून मारुतीपर्यंत : सुझुकीची वाटचाल आणि गाडीमालकांचे म्हणणे

(परळ, मुंबई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आपण आज परळमध्ये बसलो आहोत आणि विषय मोटारगाडीचा आहे, तरी सुरुवात कापड विणण्याच्या मागापासून करावी लागणार आहे. जपानमधील हामामात्सु शहराजवळच्या एका गावात, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, १८८७ साली मिचिओ सुझुकी यांचा जन्म झाला. त्यांनी सुतारकाम शिकून घेतले आणि १९०९ मध्ये हामामात्सुमध्ये माग तयार करण्याचा छोटा कारखाना काढला. पहिला माग त्यांनी आपल्या आईसाठी बनवला होता, असे या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे त्यांनी दोन धोटे (आडवा धागा नेणारी साधने) वापरून पट्ट्यापट्ट्यांचे कापड विणता येईल असा माग तयार केला आणि १९२० मध्ये कारखान्याची रीतसर कंपनी झाली. या सभागृहात ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आयुष्य काढले असे पुष्कळ लोक असतील. एका यंत्रात धोट्याची सोय वाढवणे म्हणजे काय कौशल्य असते, हे त्यांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मिचिओ सुझुकींना लवकरच एक अडचण जाणवू लागली. चांगला माग वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून एकदा विकलेल्या गिऱ्हाइकाला दुसरा विकण्याची संधी फार उशिरा येते. दुसरा धंदा हवा, या विचाराने त्यांनी १९३७ मध्ये इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीचा अभ्यास करून मोटारीचे नमुने तयार करायला घेतले. युद्धामुळे ते काम थांबले. युद्धानंतर कंपनी पुन्हा मागांकडे वळली, परंतु १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि मागांच्या भरवशावर पुढे जाणे अशक्य झाले. त्यांचे जावई शुन्झो सुझुकी मासेमारीहून सायकलने परतत असताना समोरच्या वाऱ्याने दमले आणि सायकलला इंजिन लावण्याची कल्पना त्यांना सुचली, अशी हकिकत आहे. १९५२ मध्ये बाजारात आलेल्या ३६ सीसीच्या त्या ‘पॉवर फ्री’ सायकलीत केवळ पायडल मारता येई, केवळ इंजिनावर जाता येई, किंवा दोन्ही एकत्र वापरता येत. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटार हा शब्द आला.

येथून पुढे मी ज्या मुद्द्याभोवती बोलणार आहे, तो आताच सांगून ठेवतो. सुझुकीच्या गाड्या समजून घ्यायच्या असतील तर त्या त्या काळात, त्या त्या देशात, गाड्यांविषयीचे नियम काय होते हे आधी पाहावे लागते. या कंपनीने नियमाच्या चौकटीत बसून जेवढी कल्पकता दाखवली, तेवढी क्वचितच कोणी दाखवली असेल. आणि जिथे नियमच नव्हता, तिथे तिने गिऱ्हाइकाला कमी दिले. मालकांची स्तुती आणि मालकांची नाराजी, दोन्ही याच स्वभावातून उगवतात.

युद्धोत्तर जपानमध्ये सामान्य माणसाला परवडावी म्हणून ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग सरकारने ठरवला. लांबी तीन मीटरच्या आत, इंजिन ३६० सीसीच्या आत, आणि त्याच्या बदल्यात करात सवलत. दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडणाऱ्या चाळकऱ्याला जसा प्रत्येक कोनाड्याचा हिशेब करावा लागतो, तसा या गाडीच्या रचनाकाराला इंचाइंचाचा हिशेब करावा लागे. १९५५ ची ‘सुझुलाइट’ या वर्गातील अगदी आरंभीची गाडी. बहुतेक उत्पादक मागची चाके इंजिनाने फिरवत असताना तिची पुढची चाके इंजिनाला जोडलेली होती, त्यामुळे गाडीच्या पोटातून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा वाचला आणि ती जागा माणसांना मिळाली. या गाडीचा नमुना हामामात्सुहून निघून हाकोनेचा घाट चढून तोक्योला नेण्यात आला होता. खंडाळ्याच्या चढावर जुन्या गाड्यांचे बॉनेट उघडून पाणी ओतलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या प्रवासाची जोखीम कळेल.

सत्तरच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक, म्हणजे साध्या पण जास्त धूर सोडणाऱ्या, इंजिनांवर विसंबलेली सुझुकी खरोखर अडचणीत आली. आपल्या एका गाडीसाठी तिला दाइहात्सु या थेट प्रतिस्पर्ध्याकडून कमी धुराचे फोर-स्ट्रोक इंजिन घ्यावे लागले. अशा काळात, १९७८ मध्ये, ओसामु सुझुकी अध्यक्ष झाले. ते मूळचे मात्सुदा घराण्यातले, बँकेत नोकरी करणारे. शुन्झो सुझुकींच्या मुलीशी विवाह करून त्यांनी सासरचे आडनाव घेतले. कर्तबगार जावयाला घरात घेऊन त्याच्या हाती कारभार देण्याची ही रीत त्या कुटुंबात रुळलेली होती. ओसामु यांच्या हुशारीचा पुरावा म्हणजे १९७९ ची आल्टो. त्या वेळी जपानमध्ये प्रवासी गाडीवर वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. सुझुकीने आल्टोची नोंद मालवाहू गाडी म्हणून केली, मागची बैठक नावापुरती ठेवली आणि किंमत ४ लाख ७० हजार येन इतकी खाली आणली. बाजारहाट करणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या गृहिणींना मागच्या बैठकीचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्यांना स्वतःच्या हातात गाडी हवी होती. त्या एका गाडीने कंपनी सावरली.

आता भारताकडे येऊ. संजय गांधींच्या निधनानंतर त्यांनी काढलेला मारुतीचा बंद पडलेला कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, तेव्हा तिचा वाटा २६ टक्के होता. ज्या वर्षी हा करार झाला, त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्या गिरणगावातील संप सुरू झाला होता. कापसाचा धंदा बसल्यावर मागवाल्यांचा एक कारखाना दुसऱ्या यंत्राकडे वळू शकला आणि येथील लाखो कामगारांना तशी वाट कोणी काढून दिली नाही, हे मला या जागी उभे राहून बोलल्यावाचून राहवत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना जोर, वजन सुमारे साडेसहाशे किलो, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. मुंबईला हा बदल अधिक जाणवला, कारण आपली गाडी आपल्या शहरात बनत होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. भक्कम, जड, स्टिअरिंगच्या खांबावर गिअरचा दांडा असलेली. तिच्यासाठीही वर्षानुवर्षे थांबावे लागे. मारुती मिळाली तर लगेच हवी म्हणून लोक ‘ऑन’, म्हणजे किमतीवर जादा रक्कम, देऊन गाडी घेत. पद्मिनी चालवणाऱ्यांनी सुरुवातीला या गाडीला डबा म्हणून हिणवले. परंतु सकाळी एका किल्लीत चालू होणारी, अरुंद गल्लीत सहज वळणारी, पाऊस पडला म्हणून रुसून न बसणारी गाडी काय असते, हे एकदा कळल्यावर ती टीका हळूहळू मावळली. डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी आणि मोटार शिकवणाऱ्या संस्था, या सर्वांनी ती आपलीशी केली. टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी मात्र मुंबईत राहिली ती थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत.

मी अनेक वर्षे गाडीमालकांशी या विषयावर बोलत आलो आहे आणि त्यांच्या बोलण्यातला पहिला प्रश्न कधी बदललेला नाही : अ‍ॅव्हरेज किती देते? सुझुकीच्या गाडीचा मालक हे उत्तर अभिमानाने देतो. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. कोकणात गणपतीला जाताना वाटेत क्लच गेला, तर माणगाव, महाड किंवा चिपळूण, कुठेही भाग मिळेल आणि तो बसवणारा मिस्त्रीही मिळेल, हा विश्वास फार मोठा आहे. नवीन पिढीला याचे अप्रूप वाटत नसेल. परंतु ज्या कंपन्या भारत सोडून गेल्या त्यांच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना विचारा. तिसरी गोष्ट विकतानाची किंमत. जुनी मारुती विकायला काढली की गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, असे मालक सांगतात, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरल्यास ते खरे असल्याचे दिसते.

तक्रारींमध्ये सामानाच्या जागेची तक्रार मला विशेष बोलकी वाटते, कारण तिच्यामागेही नियम आहे. चार मीटरहून कमी लांबीच्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळू लागल्यावर स्विफ्ट डिझायरची लांबी २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटर करण्यात आली. डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. त्यात सीएनजीची टाकी बसली की विमानतळावर जाणाऱ्या कुटुंबाने बॅगा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न मुंबईतला प्रत्येक टॅक्सीचालक रोज सोडवत असतो. सीएनजीविषयी मात्र येथील मालक एकंदरीत समाधानी आहेत. कंपनीनेच बसवून दिलेली सीएनजी यंत्रणा सुझुकीने २०१० मध्ये आणली, आणि गॅसवर गाडी थोडी मंद होते, घाटात पेट्रोलवर घ्यावी लागते, हे सर्वांना ठाऊक असूनही महिन्याचा खर्च पाहून कोणी मागे फिरत नाही.

डिझेलवाल्यांची हळहळ वेगळी आहे. स्विफ्टमधील १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे होते आणि सुझुकीने ते परवान्यावर हरियाणातील मानेसरमध्ये बनवले. म्हणजे कुर्ल्याच्या पद्मिनीचे माहेर आणि नव्या स्विफ्टच्या इंजिनाचे माहेर एकच. बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर २०२० मध्ये कंपनीने डिझेल पूर्णपणे थांबवले. ती गाडी जपून ठेवलेले मालक आजही त्या इंजिनाविषयी जिव्हाळ्याने बोलतात.

आता सर्वात गंभीर तक्रार. ‘पत्रा पातळ आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. यात थोडी गल्लत होते, ती दूर केली पाहिजे. दारावरचा किंवा बॉनेटवरचा पत्रा बोटाने दबतो, यावरून अपघातातील सुरक्षितता ठरत नाही. ती ठरते आतल्या सांगाड्यावरून, समोरचा भाग धक्का कसा शोषतो यावरून, आणि पट्टे व एअरबॅग यांवरून. परंतु मालकांची शंका चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर निघाली. गाड्यांची अपघात चाचणी घेऊन शून्य ते पाच तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या आल्टो ८०० ला आणि स्विफ्टला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. २०२० मध्ये एस-प्रेसोलाही शून्यच. त्या काळात कंपनीचे म्हणणे असे की आमच्या गाड्या भारतीय नियमांना धरून आहेत. ते खरे होते, आणि मला त्याचाच खेद वाटतो. हीच कंपनी इतर देशांत, जिथे नियम आणि ग्राहक मागणी करत, तिथे त्याच आकाराच्या गाड्यांत एअरबॅग देत होती.

हलकी गाडी म्हणजे असुरक्षित गाडी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले, आणि ती गाडी एक टनाच्या आसपासच आहे. म्हणजे विद्या हातात होती. ती वापरायला लावण्यासाठी कायदा बदलावा लागला आणि तारे पाहून गाडी घेणारा ग्राहक तयार व्हावा लागला. मधल्या वर्षांत रस्त्यावर गेलेल्या जिवांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येणार नाही.

मानेसरचा उल्लेखही टाळता येणार नाही. आरंभीच्या मारुतीत अधिकारी आणि कामगार एकच गणवेश घालत, एकाच उपाहारगृहात जेवत, आणि सरकारी कचेऱ्यांना सरावलेल्या देशात याचे फार कौतुक झाले. १८ जुलै २०१२ रोजी मानेसरच्या कारखान्यात उसळलेल्या हिंसाचारात एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि शंभराहून अधिक कामगार तुरुंगात गेले. २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा ३१ जण दोषी ठरले आणि ११७ निर्दोष सुटले. कंत्राटी कामगारांचा प्रश्न त्या घटनेच्या मुळाशी होता. गाडीची किंमत कमी राखण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे गाडीमालकांनीही जाणून घ्यावे असे मला वाटते.

सध्या ही कंपनी एका विचित्र वळणावर आहे. गुजरातमधील हंसलपूर येथे बनणारी तिची पहिली विजेरी गाडी, ई-विटारा, टोयोटाच्या सहकार्याने तयार झाली आहे; टोयोटाचे घराणेही मागांच्याच धंद्यातून आलेले. बॅटरीमुळे ती गाडी दीड टनाच्या वर जाते. दुसरीकडे, लहान, कमी, हलके, आखूड आणि देखणे हे आपले जुने ब्रीद पुढे ठेवून सुझुकीने २०२४ मध्ये जाहीर केले की जपानमधील ६८० किलोंच्या आल्टोचे वजन आणखी १०० किलोंनी घटवण्याचा तिचा प्रयत्न आहे.

आपल्याकडे इंधनवापराचे पुढचे नियम २०२७ पासून लागू करण्याची तयारी चालू आहे, आणि त्यात छोट्या, हलक्या पेट्रोल गाड्यांना सवलत असावी की नसावी यावर उत्पादकांमध्ये उघड मतभेद आहेत. सवलत द्यावी या बाजूचा मी आहे, कारण कमी पोलाद आणि कमी इंधन लागणारी गाडी मुंबईसारख्या शहराला हवीच आहे. मात्र जी हलकी गाडी भारताच्या स्वतःच्या अपघात चाचणीत निदान चार तारे मिळवेल, तिलाच ती सवलत मिळावी, अशी अट त्याच नियमात लिहिली गेली पाहिजे.