बिअर कंपनीची फुकट भेट

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला किंवा नवे घर घेतलेल्या मुलाला काय द्यावे, हा प्रश्न अमेरिकेतही पडतो, आणि तेथे त्याचे एक हमखास उत्तर म्हणजे जुन्या बिअर कंपनीचे नाव मिरवणारी एखादी वस्तू. पत्र्याचा फलक, पेले नेण्याचे रंगीत तबक, सोनेरी अक्षरांचा आरसा, निऑनचा दिवा, नळाची लाकडी मूठ, नाहीतर पेल्याखाली ठेवायची पुठ्ठ्याची साधी चकती. मद्यपानाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पेला बाजूला ठेवून आपण आज फक्त भिंतीकडे पाहणार आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की आज पैसे मोजून विकत घेतल्या जाणाऱ्या या वस्तू मुळात विकण्यासाठी तयारच झाल्या नव्हत्या. त्या फुकट वाटल्या जात. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती नव्या वर्षाचे कॅलेंडर ठेवतो, तसाच हा व्यवहार होता. येथे देणारी बिअर कंपनी असे आणि घेणारा मद्यगृहाचा मालक. १९२० पूर्वी तर कित्येक मद्यगृहे कंपन्यांच्याच पैशावर उभी असत. परवान्याची रक्कम, काउंटर, त्यामागचा भलामोठा आरसा हे सारे कंपनी पुरवी, आणि त्या बदल्यात मालकाने केवळ तिचीच बिअर विकायची. उधारी थकली, की मद्यगृह कंपनीच्या घशात. उधारीचा हा मुद्दा लक्षात असू द्या, कारण माझी आवडती गोष्ट तेथूनच वळण घेते.

२५ जून १८७६ रोजी, आजच्या मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी, लकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांनी जॉर्ज कस्टर या सेनाधिकाऱ्याला आणि त्याच्याबरोबरच्या दोनशेहून अधिक घोडेस्वारांना गारद केले. त्याच वर्षी सेंट लुइस शहरात बडवायझर ही बिअर बाजारात आली, हा निव्वळ योगायोग. पुढे काही वर्षांनी त्याच सेंट लुइसमध्ये कॅसिली ॲडम्स या चित्रकाराने त्या लढाईचे भिंतभर तैलचित्र रंगवले. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडचित्रे होती: एकात खेळण्यातल्या शिपायांशी खेळणारा लहानगा कस्टर, तर दुसऱ्यात मावळत्या सूर्याकडे तोंड करून पडलेला मृत कस्टर. तिकीट लावून हे चित्र ठिकठिकाणी दाखवायचा बेत होता. तो फारसा साधला नाही, आणि चित्र शहरातील एका मद्यगृहात जाऊन लागले. मग त्या मालकाचे दिवाळे वाजले आणि थकलेल्या उधारीपोटी मद्यगृहासकट ते चित्र आन्हॉयझर-बुश या, बडवायझर बनवणाऱ्या बिअर कंपनीच्या ताब्यात गेले.

कंपनीचे प्रमुख अडॉल्फस बुश हे पक्के व्यापारी होते. त्यांच्या कंपनीने मिल्वॉकी शहरातील ओटो बेकर या चित्रकाराकडून या चित्राची नवी, रंगीत, शिळामुद्रित, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापलेली, आवृत्ती करवून घेतली आणि १८९६ पासून तिच्या प्रती, खाली स्वतःचे नाव छापून, देशभरच्या मद्यगृहांना वाटल्या. बेकर यांनी जशीच्या तशी नक्कल केली नाही, मांडणीच बदलली. लांब केसांचा कस्टर तलवार उगारून उभा आहे, भोवती धूर, पडलेले घोडे आणि हातघाई चालली आहे. प्रत्यक्षात मोहिमेपूर्वी कस्टरने केस बारीक कापून घेतले होते, आणि त्याच्या पलटणीने तलवारी मागे तळावरच ठेवल्या होत्या. पुन्हा सांगतो: लांब केस नव्हते, तलवारही नव्हती. तरीही काउंटरशी उभे राहून संध्याकाळच्या संध्याकाळी ते चित्र न्याहाळणाऱ्या माणसांनी तीच तलवार खरी मानली, आणि शाळेत शिकलेल्या धड्यापेक्षा बिअरची जाहिरात त्यांच्या अधिक लक्षात राहिली. ज्यांनी ती लढाई जिंकली, त्यांची बाजू त्या भिंतीवर कोणी टांगली नाही, हे मला तलवारीपेक्षाही अधिक खटकते.

मूळ तैलचित्र कंपनीने कस्टरच्याच सातव्या घोडदळाला देऊन टाकले. तेथे ते हरवले, सापडले, दुरुस्त झाले, आणि अखेर १९४६ साली टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे आगीत भस्मसात झाले. फुकट वाटलेली जाहिरात मात्र आजही भिंतींवर आहे.

येथे थोडे अवांतर. याच सुमारास, १८९४ साली, राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि शिळामुद्रणाच्याच तंत्राने देवदेवता आपल्या घराघरांत पोहोचल्या. त्या तसबिरी माळ्यावर टाकून दिवाणखान्यात गंजल्यासारखे दिसणारे अमेरिकी पत्रे लावणाऱ्यांचे मला नवल वाटते. लावायचेच असतील, तर आपल्या इराणी हॉटेलांतले आरसे काय वाईट आहेत? असो.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. मद्यगृहे पुन्हा कंपन्यांच्या दावणीला बांधली जाऊ नयेत, म्हणून १९३५ च्या केंद्रीय कायद्याने अशा भेटींवर बंधने घातली. फलक आणि दिवे मर्यादेत चालू राहिले. त्यांतला माझा सर्वांत लाडका म्हणजे मिनेसोटातील हॅम्स कंपनीची हलणारी पाटी. लांबट खोक्यात दिवा असतो आणि त्यापुढून चित्राची पट्टी संथपणे सरकत राहते: नदी, होडी, धबधबा, तंबूपुढची शेकोटी, आणि पुन्हा नदी. त्याच १९३५ च्या जानेवारीत व्हर्जिनियातील रिचमंड येथे क्रूगर कंपनीची बिअर प्रथमच पत्र्याच्या डब्यात विकली गेली. असे रिकामे डबे जमवणाऱ्यांनी १९७० मध्ये स्वतःची संघटनाही काढली.

कोणी अशी वस्तू जुनी म्हणून पुढे केली, तर आधी तिच्यावरून बोट फिरवावे. खरा गंज कडांना आणि खिळ्याच्या भोकांभोवती धरतो आणि बोटाला खरखरीत लागतो. नकली फलकावर गंजसुद्धा छापलेला असतो, तो गुळगुळीत लागतो. छापील चित्र असेल, तर भिंग धरावे. शिळामुद्रणातले ठिपके हाताने काढलेले, लहानमोठे आणि विस्कळीत दिसतात. आजच्या छपाईत ते एकसारखे, फुलांच्या नक्षीसारखे ओळीने बसलेले असतात. कस्टरचे चित्र तर पुढेही अनेकदा छापले गेले आहे, तेव्हा ते घेताना भिंग खिशात असलेच पाहिजे.