लेड झेपेलिन : दौऱ्यावर घडलेला बँड

श्रोतेहो, नमस्कार. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे नाव घेतले की प्रचंड मैदाने आणि हजारोंची गर्दी डोळ्यांसमोर येते; पण आज मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या दिवसांविषयी, जेव्हा हा बँड गावोगाव फिरत होता आणि फिरता फिरताच घडत होता.

यार्डबर्ड्स हा बँड 1968च्या उन्हाळ्यात फुटला, तेव्हा गिटारवादक जिमी पेज यांच्या पदरी स्कँडिनेव्हियातले आधीच ठरलेले कार्यक्रम उरले. ते पार पाडण्यासाठी त्यांनी गायक रॉबर्ट प्लांट, ड्रमवादक जॉन बॉनम आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स यांना सोबत घेतले, आणि 7 सप्टेंबर 1968 रोजी कोपनहेगनजवळच्या ग्लॅडसाक्से येथे हे चौघे प्रथमच एकत्र रंगमंचावर आले. परतल्यावर लंडनमध्ये त्यांनी पहिली तबकडी स्टुडिओच्या सुमारे 36 तासांत पूर्ण केली. एवढा कमी वेळ पुरला, कारण त्यातली बरीच गाणी प्रेक्षकांसमोर आधीच मुरली होती.

26 डिसेंबरला डेन्व्हरमध्ये अमेरिकेचा पहिला दौरा सुरू झाला, तोही व्हॅनिला फज या बँडच्या आधी वाजवण्यासाठी. तबकडी जानेवारीत निघायची होती, त्यामुळे समोर बसलेल्यांना यांचे एकही गाणे ठाऊक नव्हते. स्पोकेन शहरातल्या जाहिरातीत तर नाव ‘लेन झेफ्लिन’ असे छापले गेले. अशा अनोळखी श्रोत्यांना रोज नव्याने जिंकावे लागणे, ही या बँडची खरी तालीम होती असे मला मनापासून वाटते.

पेज व्हायोलिनचा गज गिटारच्या तारांवरून फिरवत, प्लांट गिटारची ओळ गळ्यातून परत करत, आणि दोघांचा हा सवाल-जवाब रंगला की तबकडीवर सहा-साडेसहा मिनिटांचे गाणे रंगमंचावर कितीतरी लांबत जाई. बॉनम आणि जोन्स यांच्या कानांना मात्र सतत जागे राहावे लागे, कारण पुढचे वळण कोणीच आधी ठरवलेले नसे. जानेवारी 1969च्या अखेरीस बॉस्टन टी पार्टी या सभागृहात श्रोते त्यांना जाऊच देईनात. स्वतःची गाणी संपली, तेव्हा चौघांपैकी कोणाला आठवतील ती इतरांची गाणी त्यांनी वाजवली आणि ती मैफल चार तासांहून अधिक चालली.

व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी बँडला दूरदर्शनच्या पडद्यापासून शक्यतो लांबच ठेवले, त्यामुळे हे वादन पाहायचे तर सभागृहातच यावे लागे. 1969 संपेपर्यंत अमेरिकेचे चार दौरे झाले. दुसरी तबकडीही याच धावपळीत, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, व्हँकूव्हर अशा शहरांत मिळेल त्या स्टुडिओत, ध्वनिफिती बरोबर वाहून नेत तयार झाली. तिच्यातला जोम हा त्या प्रवासाचाच जोम आहे. रात्री वाजवलेली एखादी सुरावट पुढच्या मुक्कामी ध्वनिमुद्रित होत असे. 22 ऑक्टोबरला ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा बँड तिथेच चौथ्या दौऱ्यावर होता. आणि डेन्व्हरच्या त्या पहिल्या रात्रीला वर्ष होत असतानाच, बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ला मागे सारून ती तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचली.